माव्याचं झुडूप

माझा दादा हॉस्पिटलच्या बागेत माळी आणि मी त्याच हॉस्पिटलच्या धुलाईखोलीत. त्याचं लग्न राहिलं, माझं मोडलं, म्हणून माळ्यासाठीच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं भावंडं. सगळे त्याला किडेमास्तर म्हणतात. का, तर हा बाबा किडे मारायचे सोडून पाळतो!

पूर्वी तोही पाठीला पंप अडकवून औषध फवारायचा. त्याचे ते कपडे मी वेगळ्या बादलीत धुवायचे. बारा वर्षांपूर्वी एकदा वारं उलटं फिरलं आणि सगळं औषध त्याच्याच अंगावर आलं. अठरा दिवस तो याच हॉस्पिटलात पडून होता. तेव्हापासून त्याचा डावा हात थरथरतो, चहा धरला की बशी वाजते. तो घरी आला त्या दिवशी मी ती बादली फेकून दिली. त्याने पुन्हा पंपाला हात लावला नाही.

मग सुरू झालं त्याचं किडेपुराण. रोज सकाळी पानं उलटी करून बघायची. पानांचा रस शोषणारा तो बारीक मावा थोडा असला तर बोटाने पुसायचा, जास्त असला तर साबणाचं पाणी, अगदीच हाताबाहेर गेलेली फांदी कापून टाकायची. आणि गेटजवळचं गुलाबाचं एक झुडूप मात्र तो मुद्दाम तसंच सोडायचा. माव्याने ते नुसतं बरबटलेलं असायचं.

"अगं, हे काळ्या ठिपक्यांचे लाल ढालकिडे मावा खातात," तो सांगायचा. "त्यांना इथे कायम खायला मिळालं तर ते बाग सोडून जात नाहीत. बाकीची दोनशे झाडं तेच सांभाळतात."

"मग तुझ्या किड्यांचं हॉटेल मागच्या बाजूला काढ ना! गेटावर कशाला शोभा?" मी म्हणायचे. पुढचं ऐकायला मला वेळ कुठे होता?

यंदा नवा मुकादम आला. त्याने गोदामात नवा पंप आणि औषधाच्या बाटल्या आणून ठेवल्या आणि सगळ्यांसमोर दादाला सुनावलं, "सोमवारी साहेब पाहणीला येतायत. कीड दिसली तर बाग कंत्राटदाराला, आणि तुम्ही घरी."

नेमका शनिवारी दादा तापाने फणफणला.

रविवारी मी कामावर जाताना गेटजवळच्या त्या झुडपाशी थांबले. मावा तर होताच, वर काळ्या काटेरी अळ्या फिरत होत्या, अंगावर नारिंगी ठिपके, दिसायला भयंकर. म्हटलं, आता ही कुठली नवी कीड! मुकादमाकडून गोदामाची किल्ली घेतली, तोंडाला फडकं बांधलं आणि पंप पाठीला लावला. झुडूप न्हाऊ घातलं. पंपात औषध उरलं होतं, म्हणून सगळ्या गुलाबांवर मारून टाकलं. खोटं कशाला बोलू, मला माझंच कौतुक वाटलं.

पाहणी झकास झाली. साहेब दोनदा "वा" म्हणाले.

मंगळवारी दादा कामावर आला. मी चादरी वाळत घालत होते, तिथे येऊन त्याने मूठ उघडली. तळहातावर मेलेले ढालकिडे आणि त्या काळ्या अळ्या.

"पंप कोणी चालवला?"

"मी. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून. आणि त्या घाणेरड्या अळ्या..."

"ढालकिड्यांचीच पिल्लं ती."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. पण तो एवढंच म्हणाला, "माझ्यासाठीच केलंस गं," आणि निघून गेला.

दहा दिवसांत मावा परत आला. ढालकिडे आले नाहीत. दादा उजाडल्यापासून साबणाचं पाणी घेऊन धावत होता, काम संपलं की मीही पानं पुसायला जायचे. दोनशे झाडं आणि आम्ही दोघं, किती पुरणार? कळ्या वाकड्या झाल्या, पानं चिकट होऊन काळी पडली. मुकादम म्हणाला, "पाहणीच्या दिवशी कशी होती बाग! फवारल्याशिवाय भागत नाही, पटलं ना?" माझंच पाप माझ्या तोंडावर मारत होता मेला.

बाग कंत्राटदाराकडे गेली. पंधरा दिवस दादा कामासाठी वणवण फिरला. पन्नाशी उलटलेल्या, हात थरथरणाऱ्या माळ्याला कोण उभं करतंय? कंत्राटदाराला मात्र फवारायला बागेचा माहीतगार माणूस हवा होता.

"माझ्या पगारात भागवू," मी हात जोडले. "पंप नको रे दादा."

"खोल्या माळ्याच्या नावावर आहेत. राहायचं कुठे?"

काल त्याचा पहिला दिवस होता. संध्याकाळी आला तो दारातच उभा राहिला, आत येईना. शर्टाला तोच वास. मी चहा पुढे केला, त्याने घेतला नाही.

"आधी हे कपडे उतरवतो," तो म्हणाला. "वेगळी बादली आहे का गं?"

नव्हती. मी चपला घातल्या आणि बादली आणायला दुकानात गेले.