भिंतीपलीकडचं बोलणं

आमच्या घरातल्या गोष्टी आधी म्हशीला कळायच्या, मग आम्हाला. आप्पा, म्हणजे माझे वडील, घरात फारसे बोलत नसत. जेवताना ‘वाढ’ आणि ‘बास’, एवढ्यावर त्यांचं भागायचं. पण गोठ्यात म्हशीच्या कासेला हात लावला की त्यांचं तोंड सुटायचं. गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच पातळ भिंत होती. भाकरी थापता थापता आई आणि मी सगळं ऐकायचो. भावासाठी कुठली मुलगी पसंत केली, विहीर कधी खोल करायची, इतकंच काय, आईच्या शेवटच्या आजारात डॉक्टर काय म्हणाले, तेही त्या भिंतीतूनच समजलं.

माझ्या शिक्षणाचंही तसंच. बारावीनंतर मला नाशिकला शिकायला जायचं होतं. तीन दिवस मी हट्ट धरून बसले, आप्पा हूं की चूं करेनात. चौथ्या दिवशी संध्याकाळी पलीकडून आवाज आला, “धाडतो नाशिकला. राहील का गं एकटी? राहील. लय हट्टी हे.” त्या दिवशी तव्यावरची भाकरी माझ्या हातून करपली.

पन्नासेक वर्षं ते दूध घालत होते. आधी सायखेड्याला, सायकलला किटल्या अडकवून. पुढे आमच्या फाट्यावरच संकलन केंद्र झालं, तेव्हा पायी. कुणाचं लग्न असो की बारसं, धारेच्या वेळेला ते घरी हजर. माझी पाठवणी झाल्या झाल्यासुद्धा ते गोठ्यात गेले होते. मला त्याचा राग पुढे कित्येक वर्षं होता. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. आई म्हणायची, त्या संध्याकाळी ते म्हशीशी फार वेळ बोलले. काय बोलले, ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही.

ऐंशीच्या घरात असताना ते गोठ्यात घसरले आणि खुबा मोडला. नाशिकला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी भावाला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, वॉकर धरून चालतील, पण उकिडवं बसणं आता कायमचं बंद. म्हणजे धार काढणं बंद. आप्पांना हे सांगायची हिंमत दोघांतही नव्हती. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणून मदतीला गावी राहायला गेले. घरी आल्यावर आप्पांची खाट जुन्या स्वयंपाकघरात टाकली. तिथून ते रोज म्हणायचे, महिनाभरात बसतोच खाली.

गोठ्यात एकच म्हैस उरली होती, आणि ती कुणालाच दूध देईना. रेडकू लावलं की पान्हवायची, माणसाचा हात लागला की पान्हा चोरायची. वहिनीला तिनं लाथ मारली. भाऊ द्राक्षबागेच्या छाटणीत अडकलेला. तो म्हणाला, चार दिवसांत आटेल, त्यापेक्षा रविवारी व्यापारी येतोय, देऊन टाकू. मी म्हणाले, रविवारपर्यंत थांब, तोवर मी धार काढून बघते. आप्पांचे पाय गेले, आता गोठाही रिकामा झाला तर ते उठायचेच नाहीत, याची मला खात्री होती.

दोन्ही वेळा मी बादली घेऊन बसू लागले. लहानपणी शिकलेली धार बोटांना आठवत होती, पण म्हैस ढिम्म. आप्पा बोलतात ती त्यांची सवय, असं मी समजत होते. ती म्हशीची सवय आहे, हे शनिवारी डोक्यात आलं. आता म्हशीशी काय बोलायचं? मास्तरीणच मी, बेचा पाढा म्हणून पाहिला. तिनं शेपटीचा फटका माझ्या चष्म्यावर मारला.

रविवारी सकाळी माझा तोल सुटला. “ऐक,” मी म्हणाले, “आप्पा आता यायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, खाली बसणं कायमचं बंद. त्यांना सांगायची आमची छाती होत नाही. इथून पुढं मीच येणार. तुला चालो न चालो.”

म्हशीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे खाट करकरली. ती खाट भिंतीला लागून आहे, हे रागात मी साफ विसरले होते. मग पलीकडे घसा खाकरला.

“मागचा डावा सड जड हे तिचा,” आप्पा म्हणाले. “तो आधी मोकळा कर.”

मी तो सड धरला. दोन कोरड्या ओढी गेल्या आणि बादलीच्या तळावर धार वाजली. मला रडू फुटलं, बोलता येईना, तशी म्हशीनं धार पुन्हा वर ओढली.

“थांबू नको,” भिंतीतून आवाज आला. “बोलत राहा. मी पण ऐकतोय.”

मग मी तिला माझ्या पाठवणीच्या दिवसाचा राग सांगितला, पहिल्यापासून. बादली भरेपर्यंत.