मंचावर सोफा, फरशीवर नाच

आमच्या मुरुम गावात बाहेरचं नाटक, नाच बघायला मिळतो तो पाशामियाँमुळं. धंदा शिवणकामाचा, पण कानडी नाटकवाले असोत की पथनाट्यवाले, फिरत्या कलाकारांना गाठून समाजमंदिरात आणायचा त्यांना भारी नाद. मागल्या महिन्यात त्यांनी कथक नाचणाऱ्या पोरी आणल्या आणि आमच्या कमिटीनं नेहमीसारखी माती केली.

मंचावर जाड गालिचा, त्यावर पुढाऱ्यांसाठी सोफे. आधी सत्कार, मग कार्यक्रम, ही आमची थोर रीत! वेळ टळली तरी पुढाऱ्यांचा पत्ता नाही. बाया उठून दाराकडं निघाल्या.

"अण्णा, सोफे हलवा. गालिच्यावर पायाचा आवाजच निघत न्हाय," पाशामियाँ कमिटीच्या उत्तरेश्वरअण्णांना म्हणाले.

"सत्काराआधी? साहेब काय म्हणतील, मियाँ?"

"माणसं गेल्यावर नाचायचं कुणापुढं? तुमच्या शालीपुढं?"

"पुन्हा हॉल लागंल ना तुमाला?"

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडायच्या आत पाशामियाँनी मंचापुढच्या सतरंज्या गुंडाळल्या. खालच्या शहाबादी फरशीवर पोरी उतरल्या. घुंगरांचा ठेका घुमला तशा बाया दारातून परतल्या.

नाच रंगात आला आणि साहेब उगवले. गाणं बंद, सत्कार सुरू. शालीसाठी पाशामियाँचंही नाव पुकारलं. ते जागचे हलले नाहीत. भाषणं संपल्यावर पोरींना एवढंच म्हणाले, "बेटा, पयल्यापास्नं नाचा."

तेव्हापासून कमिटी त्यांना हॉल देत नाही. मी रोज भांडतोय.