एक आणि एफ

मैलूरचा रविकुमार दवाखान्यातलं नेटवर्क सांभाळायचा. परकं यंत्र आत शिरू नये म्हणून त्याने ब्रिजवर, म्हणजे यंत्रांना जोडणाऱ्या पेटीवर, यादी बसवली. यादीत पत्ता, म्हणजे आकडे-अक्षरांची ओळखखूण, असेल त्याच यंत्राची खबर पुढं जायची. रुग्णाचे ठोके मोजणाऱ्या नव्या मॉनिटरचा पत्ता सिस्टर रेणूने फोनवर वाचला, आकडे मराठीत, अक्षरं इंग्रजीत. तिचं ‘एक’ त्याने ‘एफ’ लिहिलं.

दुपारी त्या मॉनिटरला जोडलेल्या मंठाळच्या लिंगाप्पांचे ठोके मंदावले. बंद दारामागं मॉनिटर ओरडत होता, रेणूच्या पडद्यावर मात्र काही उमटलं नाही. ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मग यादीतला पत्ता पाहून रेणू म्हणाली, “अण्णा, मी एकच म्हणले होते की!”

“व्हय अक्का. मीच फिरून विचारलो न्हाई.”

दवाखान्याचे साहेब त्याला म्हणाले, “घरच्यांना मशीन बिघडली म्हणून सांग.” देवाला स्मरून रविकुमार लिंगाप्पांच्या बायकोपुढं, पद्माबाईंपुढं, उभा राहिला.

“मशीन लावली होती, मग कामून कळलं न्हाई, बाबा?”

“माझ्या हातनं एक अक्षर चुकलं, अव्वा.”

त्यांना काही उमगलं नाही. त्या नवऱ्याच्या चपला पिशवीत भरत राहिल्या.