बोटीवर विणलेली बाज

भुसावळच्या फलाटावर गाडी सुटली तेव्हा माझा धाकटा भाऊ नाना खिडकीच्या गजांना धरून चार पावले सोबत चालला. चालता चालता त्याने विचारले, "भाऊ, पत्र टाकाचं तं कोन्या पत्त्यावर टाकू?" अमळनेरच्या न्यायालयात माझी सारी नोकरी अर्जदाराचा पूर्ण पत्ता अर्जावर आहे की नाही हे तपासण्यात गेली. पत्ता अपुरा म्हणून किती अर्ज परत केले असतील, त्याची गणती नाही. त्या मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. गाडीने वेग घेतला आणि नानाचा हात सुटला.

नाना, हे लिखाण प्रथम तुझ्यासाठी आहे, आणि त्यानंतर खानदेशातून बाहेर पडून कुठे कुठे जाऊन राहिलेल्या सर्वांसाठी.

सावद्याचे घर आम्ही सोडले नाही, ते आमच्याकडून घेण्यात आले. रस्त्याच्या रुंदीकरणाची नोटीस माझ्या दारावर लावायची, ती शेजारच्या बंद गोदामाच्या दारावर लावली गेली. हरकतीची मुदत तिथेच संपली. नोटीस ज्याच्यावर बजावायची त्याच्यावर ती बजावली गेली नाही, तर पुढची सारी कार्यवाही निरर्थक ठरते, हे मी संबंधित कार्यालयाला किती पत्रांतून कळवले! प्रत्येक वेळी उत्तर एकच: आपला अर्ज उचित कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आला आहे. पुढे म्हणजे कोठे, हे मी नंतरच्या पत्रात विचारले. त्याचेही उत्तर तेच आले. शेवटी यंत्र आले आणि एका दुपारी भिंती पडल्या. संताप अजून जिवंत आहे. थकलो आहे मी.

मग आमचा मुलगा हेमंत म्हणाला, माझ्याकडे या. त्याच्याकडे म्हणजे कोचीला, धक्क्याला बांधलेल्या एका शिडाच्या बोटीवर. जहाजावर इंजिनिअर म्हणून वर्षे काढल्यावर त्याने ही जुनी बोट घेतली. दिवसा तो जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात काम करतो, राहतो बोटीवर, आणि सुट्टी मिळाली की शीड उभारून किनाऱ्याने जातो. माझी पत्नी इंदू दोंडाईच्याची. लग्नाला इतकी वर्षे झाली, तरी तिने आपली अहिराणी सोडलेली नाही. बोटीत उतरायच्या शिडीशी उभी राहून तिने आत पाहिले. गुडघा दाबत एक एक पायरी उतरली आणि खाली पोहोचल्यावर निकाल दिला, "दिवाईलोंग देखसू. नई जमनं तं माले गाडीमा बसाडी द्या."

ती परतली असती तर तुझ्याच घरी आली असती, नाना, आणि तिच्यामागे मीही. तू एका शब्दाने बोलला नसतास. पण ज्या माणसाचे घर पाडले गेले, त्याने उरलेले आयुष्य भावाच्या ओसरीवर पाहुणा म्हणून काढावे, ही कल्पना मला सहन होत नव्हती. आणि हेमंत पुन्हा एकटा पडला असता. म्हणून दिवाळीपर्यंत ही बोट इंदूला राहण्याजोगी करायची, एवढेच काम मी हाती घेतले.

सुरुवात शिडीपासून केली. पायऱ्या अरुंद आणि गुळगुळीत होत्या. हेमंतकडून त्या रुंद करून घेतल्या, त्यांवर खरखरीत पट्ट्या चिकटवल्या आणि दोन्ही बाजूंना हाताला येईल असे लाकडी दांडे बसवले. बोट हलली की धरायला काहीतरी लागते, म्हणून तसेच दांडे स्वयंपाकाच्या जागेपासून शौचालयापर्यंत ओळीने लावले. शेगडी दोन खिळींवर झुलती आहे. बोट कलली तरी तवा सपाट राहतो. पहिल्या दिवशी इंदूने तिच्याकडे संशयाने पाहिले, तिसऱ्या दिवशी तिच्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी भाजली. पाण्याला पायाने दाबायचा पंप बसवला. भांडी आधी खाऱ्या पाण्यात धुवायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा एक हात द्यायचा, हे हेमंत तिला समजावून सांगू लागला, तेव्हा ती हसली. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात जिने संसार केला, तिला पाणी पुरवून वापरायला शिकवायचे! महिन्याभरात टाकी पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरू लागली.

पण वैशाखात इंदूला खोकला लागला. सुरुवातीला पहाटे येई, मग दिवसभर. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारले, राहता तिथे ओल आहे का? परत येऊन मी तिची गादी उचलली. खालची फळी काळपट बुरशीने माखली होती. माझ्या कागदपत्रांची पेटी उघडली, तर सावद्याच्या घराच्या फायलीवरही तीच बुरशी. बिछान्यावर बसून इंदू म्हणाली, "मना जीव कोंडाई ऱ्हायना." या वेळी दिवाळीचे नावही तिने घेतले नाही.

मी त्याच दिवशी बोट विकणाऱ्या गृहस्थाला पत्र लिहिले. बोट गळकी आहे; हा दोष विक्रीच्या वेळी जाणूनबुजून दडवण्यात आला; माझ्या पत्नीच्या प्रकृतीस झालेल्या अपायास सर्वस्वी आपण जबाबदार आहात; पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा. पत्र नोंदणीकृत टपालाने रवाना केले. बऱ्याच दिवसांनी मला बरे वाटले. माझ्यासमोर पुन्हा एक प्रतिवादी होता.

त्यानंतर तीन दिवसांनी हेमंत एक पाना विसरला म्हणून भर दुपारी परत आला. एरवी तो सकाळी आठला जातो आणि दिवे लागल्यावर येतो. शिडीवरूनच त्याने आत पाहिले आणि तिथेच थांबला. छताच्या साऱ्या झडपा बंद होत्या. दारावर ओली चादर टांगली होती. खालच्या फळ्यांवर मी नुकतेच पाणी शिंपडले होते.

"अण्णा, हे काय?" तो म्हणाला. "बोटीचं सावदा केलंत तुम्ही!"

"ऊन आत येऊ नये म्हणून," मी म्हणालो.

"रोज करता?"

"दहाला बंद. सूर्य बुडाला की उघडतो."

तो पायरीवर बसला. हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, ही बोट कुठेही गळत नाही. ओल आपणच कोंडतोय."

नाना, तुला आबा आठवतात ना? चैत्र लागला की सकाळी दहाच्या ठोक्याला आपले वडील सारी दारे-खिडक्या लावून घेत. "उन्हाले घरात घ्याचं नही," असे म्हणत, जणू ऊन म्हणजे न बोलावता आलेला माणूस. दारावर ओले पोते, जमिनीवर पाणी. केळीच्या बागेतून आपण आत आलो की अंगावर गारवा येई. कोरड्या हवेत ते शहाणपण होते. आपल्या मुलखात हवा ओल पिऊन टाकते. इथली हवा आधीच भिजलेली असते, ती आणखी काय पिणार? मी आबांचा नियम जसाच्या तसा इथे आणला आणि इंदूला त्यात कोंडले. बुरशी मी स्वतः वाढवली होती, माझ्या हाताने, रोज दहा वाजता, शिस्तीने.

दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाला दुसरे पत्र लिहिले. पूर्वीच्या पत्रातील सर्व आरोप मी विनाअट मागे घेतो, दोष माझा होता. इतक्या वर्षांत माझ्या हातून असे पत्र गेले नव्हते. ते लिहायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्यांचे उत्तर दोन ओळींचे आले: झडपा उघड्या ठेवा, आणि वहिनींना नमस्कार सांगा. ते पत्र मी फायलीला लावले आहे.

मग खरी दुरुस्ती सुरू झाली. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून झडपेवर कापडाची एक सोंड बांधली. ती वारा पकडून आत सोडते. पाऊस आला तरी झडप बंद करावी लागू नये म्हणून वर ताडपत्रीचे छत ताणले. डोक्याशी एक छोटा पंखा बसवला, तो सौर पट्टीवर चालतो. राहिला बिछाना. गादीखालची फळी भरीव आहे, अंगाची ऊब आणि खालचा गारवा तिच्यावर एकत्र येतो आणि तिथे पाणी धरते. हेमंत बाजारातून जाळी आणायचे म्हणाला. मी म्हणालो, गादीखालून वारा फिरायला हवा असेल तर आपण खानदेशात काय करतो? बाज विणतो.

सुताची दोरी इथे कुजली असती. म्हणून तुला फोन केला. केळीचे झाड घडाच्या भाराने वाऱ्यात पडू नये म्हणून ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीने आपण ते बांधतो, त्या पट्टीची दोन भेंडोळी पाठव म्हणालो. तू विचारलेस, "भाऊ, समुद्रात केयी लावली का?" आणि कितीतरी वेळ हसत राहिलास. पण आठवड्यात पार्सल आले. फळी काढली, लाकडी चौकट केली आणि तीन दिवस बसून मी बाज विणली. बोटांना सराव राहिला नव्हता. इंदू समोर बसून खोकत खोकत चुका दाखवत होती. एकदा मी सारी ओळ उसवली तेव्हा म्हणाली, "कोर्टनं काम नई शे हाई. ताणी धरा."

श्रावणात तिचा खोकला कमी झाला, भाद्रपदात गेला. तरीही मी दिवाळीनंतरच्या चौथ्या दिवसाचे तिचे तिकीट काढून ठेवले होते. शब्द दिला होता. ते तिकीट शेगडीवरच्या फळीवर सर्वांना दिसेल असे ठेवले. चौथा दिवस उजाडला. गाडीची वेळ झाली तेव्हा ती भाकरी थापत होती. वेळ टळून गेल्यावर तिने हात धुतले, वर छताच्या अर्धवट उघड्या झडपांकडे पाहिले आणि म्हणाली, "दहा वाजनात. बठ्ठं उघडी द्या." ते तिकीट आता बाजेच्या चौकटीच्या एका सैल कोपऱ्यात पाचर म्हणून बसले आहे. तेही तिनेच बसवले.

निवृत्तिवेतनाच्या कार्यालयाने माझा अर्ज दुसऱ्यांदा परत पाठवला आहे. कायमचा पत्ता या रकान्यात बोट लिहिता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना लिहीत आहे आणि लिहीत राहीन. तो माझा हक्क आहे. पण नाना, तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यावाचून अडलेले नाही. पत्र धक्क्याच्या कचेरीच्या पत्त्यावर टाक, तिथला माणूस आणून देतो. आणि जमले तर स्वतः ये. लहानपणी तू बागेतून उशिरा यायचास आणि दहानंतर आबांच्या बंद दाराची कडी वाजवत उन्हात उभा राहायचास. इथे दहानंतरच ये. कडी वाजवावी लागणार नाही.