अक्का घरी आल्या म्हणून भरीत

माझ्या जेठांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं, नाव जरी निघालं तरी माझं टाळकं सरकतं. चारचौघांत बोलू नये म्हणतात. म्हणू देत, मी बोलणार.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. जन्मभर चुलीपुढे बसून फुप्फुसांची पार वाट लागलेली. थंडी पडली की धुळ्याच्या दवाखान्यात भरती, धाप कमी झाली की देवपूरला आमच्या घरी, आणि पुन्हा भरती. त्या खेपेला सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं, "श्वासाचा पंप वेळेवर द्या आणि धूर अजिबात नको. आता पुन्हा आणलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही." मी घरातली उदबत्तीसुद्धा बंद केली. फोडणी द्यायची तरी आधी त्यांच्या खोलीचं दार लावून घ्यायची.

आणि दुसऱ्याच दिवशी सोनगीरकडच्या गावाहून जेठ आले. त्यांना घरात सगळे भाऊ म्हणतात. पिशवीत भरताची हिरवी वांगी, मोटारसायकलला कपाशीच्या काड्यांचा भारा. आमच्याकडे हिवाळ्यात काही चांगलं घडलं की भरीत होणारच, आणि तेही काड्यांवर भाजलेलं.

"भाऊ, अंगणात पेटवू नका. मी गॅसवर भाजते," मी म्हटलं.

"गॅसवरचं भरीत काय माणसं खातात? आई घरी आलीये!"

"त्यांना धूर चालत नाही."

"तुम्हा शिकलेल्या बायकांचं कौतुकच भारी बुवा!"

माझा नवरा मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसला. भावापुढे याची कायम मांजर होते. मग मी अक्कांकडेच गेले. त्या नको म्हणाल्या असत्या तर जेठांनी निमूट ऐकलं असतं. पण त्या खिडकीशी सरकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाजू दे. मना आंडोर उना शे. बठ्ठा जनम चुल्हापुढे गया मना, धूरघाई काय व्हस?" लेक आलाय, आणि सगळा जन्म चुलीपुढे गेला, आता धुरानं काय होतंय, हे त्यांचं म्हणणं. मी खिडकी लावली, तर त्यांनी परत उघडायला लावली. लेक दिसायला हवा होता ना डोळ्यांपुढे!

काड्या दवानं ओल्या होत्या. पेटेचनात, नुसत्या धुमसत राहिल्या, आणि सगळा धूर खिडकीतून आत. वांगी भाजून व्हायच्या आतच अक्कांचे ओठ निळे पडले. पंपाचा काही उपयोग झाला नाही. रिक्षात घालून दवाखाना गाठला.

"घरात धूर झाला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. जेठ पुढे सरसावले, "घरात नीट लक्षच देत नाही हो कोणी." चोराच्या उलट्या बोंबा! मी तिथल्या तिथे सुनावलं, "पेटवलं तुम्ही, भाऊ. मी नको नको म्हणत होते." नवऱ्यानं माझा हात दाबला. मी झटकून टाकला.

तेवढ्यात अक्कांनी मला खुणेनं बोलावलं आणि तोंडावरचा मास्क बाजूला ओढला. मी वाकले. वाटलं, आता तरी माझ्या बाजूनं एक शब्द बोलतील. छाती भात्यासारखी हलत होती, शब्द फुटत नव्हता. मोठ्या कष्टानं म्हणाल्या, "भाऊ... जेवना का?"

राग इतका आला की रडूच फुटलं. "जेवले," मी खोटंच सांगितलं आणि मास्क लावला.

त्यानंतर त्या गेल्या तोवर बोलल्याच नाहीत.