एक कान काकांचा, एक काकूचा

फोन आला तेव्हा मी सिहोऱ्याच्या शाळेत वह्या तपासत होते. पलीकडून काकू. "सुनीता, काका उठूनच नाही राहिले. जास्तच खोल गेले वाटते. तू फिजिक्सवाली ना बेटा, यांना वर आणायचा आवाज कोणता लावू?" तिला शेजारच्या डॉक्टरांना बोलवायला सांगून मी बस पकडली. मदन महलला काकांच्या घरी पोचले तेव्हा काका गेलेच होते... दुपारच्या झोपेत, हृदय थांबून.

अरविंदकाका संरक्षण कारखान्यातून निवृत्त झाले आणि काकूची झोप उडाली. नवरा चोवीस तास घरात म्हटल्यावर कोणाची नाही उडणार! काकांनी मोबाईलवर इलाज शोधला. एका कानात एक घुमणारा सूर, दुसऱ्या कानात किंचित वेगळा; दोन्हींतल्या फरकाच्या ठेक्यावर मेंदू संथ होतो, गाढ झोपेच्या ‘डेल्टा’ लहरींत जातो आणि झोप लागते म्हणे. पण काकांचा डावा कान लहानपणापासून बंद. "तिकडचा आवाज वाया काहून घालवायचा?" म्हणून इअरफोनचं डावं बोंडूक काकूच्या कानात, उजवं स्वतःच्या. वायर हातभर, त्यामुळे कित्येक वर्षं दोन भिंतींना लागून असलेल्या खाटा ओढून एकत्र आणाव्या लागल्या. दोन ते साडेतीन घरात कर्फ्यू. एकदा कुरिअरवाल्याला काकांनी खिडकीतूनच परत पाठवलं, "अभी डेल्टा चल रहा है भैया, चार बजे आना!"

मी एकदा समजावलं होतं, "काका, दोन्ही आवाज एकाच डोक्यात जायला पाहिजेत."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला. डोकं एकच आहे आमचं."

"अच्छा? मग रोज भांडते कोण?" स्वयंपाकघरातून काकू.

तरी दोघं गाढ झोपायची, म्हणून मी गप्प बसले.

तेरावं झाल्यावर काकूनं तो इअरफोन माझ्या हातात ठेवला, चिमटीत धरून. "त्या दिवशी शेजारी बोअरिंगचं मशीन चालू होतं. मीच आवाज वाढवला. अन् हे गेले..." तेव्हापासून तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिला यातून सोडवायचं तर इतक्या वर्षांची तिची झोप खोटी पाडावी लागणार होती. माझा धीर होत नव्हता, पण सांगितलं. एका कानाने नुसती घरघर ऐकू येते, पंख्यासारखी. त्या घरघरीने कोणी खोल जात नाही, मरत तर नाहीच.

 काकू एकदम हसत सुटली, आणि हसता हसता रडली. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं पंखाच ऐकून राहिलो होतो? यांनी तुझं ऐकलं नाही ते बरं झालं बेटा. खाटा पुन्हा लांब गेल्या असत्या." आणि तिने इअरफोन माझ्या हातातून परत घेतला.

परवा दुपारी गेले. खाटा अजून जोडलेल्याच. काकू डोळे मिटून पडलेली, डावं बोंडूक कानात, उजवं काकांच्या उशीवर. आवाज कमी करावा म्हणून मी मोबाईल शोधला, तर तो स्वयंपाकघरात चार्जिंगला. वायरचं टोक चादरीवर नुसतंच पडलेलं. मी ते उचलायला वाकले.

"हळू," डोळे न उघडता काकू म्हणाली, "डेल्टा चालू आहे."