काडीवर झोपलेली मधमाशी

आमच्या सासऱ्यांना अख्खी गल्ली घड्याळकाका म्हणते. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची मनगटी घड्याळं दुरुस्त केली. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं. मोबाइल आले, घड्याळं गेली, दुकान बंद झालं. मला वाटलं, आता हे घरात बसून माझं डोकं खाणार. कसलं काय! वस्तीबाहेरच्या कुरणातली रानझाडं आणि किडे नोंदवणारा एक हौशी गट आहे, त्यात यांनी नाव घातलं.

गटात प्रत्येकाला कुरणाचा एक तुकडा वाटून दिलेला. दर रविवारी तिथे जायचं, जे जे उगवलंय, उडतंय, रांगतंय त्याचे फोटो काढायचे आणि गट चालवणाऱ्या बाईंना पाठवायचे. बाई त्यावरून ओळख पटवतात. नुसत्या फुलाचा फोटो पाठवला की ओरडतात. पान हवं, पानाची मागची बाजू हवी, देठावरची लवसुद्धा हवी. बाबांना तर तेच हवं होतं. ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघणार नाही अशा तुऱ्यासमोर हा माणूस तासन्‌तास पालथा पडून राहायचा, आणि घरी येऊन शर्टातली कुसळं उपटत मला सांगायचा, "सूनबाई, काय सुरेख जोडलंय गं एकेक!"

"ते असू दे बाबा, शर्ट आधी बाहेर झटका," मी म्हणायची.

मग फोटो हलायला लागले. बाबा म्हणाले, कॅमेरा बिघडला. नवऱ्याने तो दुरुस्त करून आणला, फोटो तसेच. मग बाबांनी सगळा दोष वाऱ्यावर ढकलला. नवऱ्याने कॅमेऱ्याची तिपाई आणली, तर तिचे पाय उघडेपर्यंत किडा पसार! मी मात्र पहिल्यापासून ओळखून होते. मी प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते, दिवसभर हातच बघत असते. बाबांच्या हाताला कंप सुटला होता. पण ज्या माणसाने केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? एरवी माझ्या तोंडाचा पट्टा थांबत नाही, पण इथे मी मूग गिळून बसले.

एका संध्याकाळी बाईंचा निरोप आला. "काका, कितीतरी आठवडे तुमच्या एकाही फोटोवरून ओळख पटत नाही. या रविवारीही तसंच झालं तर तुकडा दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल." बाबांनी तो मला वाचून दाखवला आणि उगाचच चष्मा पुसत बसले.

"रविवारी मी येते," मी म्हटलं.

"अगं, आठवड्यातली तुझी एका दिवसाची झोप..."

"जाऊ दे ती खड्ड्यात."

उजाडता उजाडता पोचलो. एका सुकलेल्या काडीवर निळ्या पट्ट्यांच्या रानमधमाश्या ओळीने झोपल्या होत्या. यांच्यातल्या नरांना घर नसतं, जबड्यात काडी घट्ट धरून तसेच लटकतात, असं बाबा कुजबुजले. ऊन पडलं की उडणार. काडी वाऱ्याने झुलत होती म्हणून त्यांनी ती डाव्या हाताने धरली, आणि ती आणखीच थरथरायला लागली. भुर्रकन दोन उडाल्या, मग आणखी एक. एकच उरली. बाबा मटकन गवतात बसले.

"बास झालं. देऊ देत दुसऱ्याला."

माझं डोकंच सणकलं. "वा! म्हणजे मी भल्या पहाटे उठून आले ती तुमचं पडलेलं तोंड बघायला? उठा आधी!"

मी त्यांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून गुडघे टेकले, काडी बुडाशी दोन बोटांत धरली. "कोपरं माझ्या खांद्यांवर ठेवा." बाबा घुटमळले. इतक्या वर्षांत आम्हाला एकमेकांचा साधा धक्काही लागला नव्हता. मग कोपरं हळूच टेकली. कंप माझ्या खांद्यांना जाणवत होता. मी अंग घट्ट केलं, आणि तो हळूहळू कमी झाला.

"सूनबाई," कानाशी आवाज आला, "कॅमेरा चांगलाच आहे गं. माझाच हात गेलाय."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि बोलली नाहीस? तू?"

मला हसायचं होतं, पण जमलं नाही. या माणसावर माझा एवढा जीव आहे हे मला त्या ओल्या गवतात कळलं. डोळे वाहायला लागले. मागून कॅमेऱ्याचा आवाज काही येईना.

"काढा की बाबा, ऊन येतंय!"

"कसा काढू? आता तू हलतेयस."

मी मोकळ्या हाताने नाक पुसलं, श्वास रोखला आणि म्हटलं, "हं, घ्या."

खट्‌ झालं. तुकडा आमच्याकडेच राहिला.